पोरगी बाई हुतो म्हणत्या

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी एक आई पेढे घेऊन घरी आली. आमच्या निपाणीत घरोघरी विड्या वळतात, ही त्यांतलीच एक. माझ्या हातावर पेढा ठेवून ती टेकली आणि हळूच म्हणाली, "बाई, पोरगी तुमच्यागत बाई हुतो म्हणत्या. एवढं मार्क पडल्यात. जरा समजावून सांगा की. तुमचं ऐकत्या ती."

मला राग आला नाही. मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर विड्या वळते, हजार विड्यांची हजारी पुरी झाली की मजुरी ठरते. लेकीने या सुपातून सुटावं, एवढंच तिचं मागणं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ती बोलली ते तिच्या एकटीचं नव्हतं, म्हणून आज तुम्हा सगळ्या आईबाबांशी बोलते आहे.

तुम्ही आम्हा शिक्षकांना मान देता. एसटीत उठून जागा देता, लग्नात पुढे बसवता, बारशाला नाव सुचवा म्हणता. मात्र घरातलं हुशार पोर शिक्षक होतो म्हणालं की तुमचा चेहरा उतरतो. आणि मार्क कमी पडलेल्याला सांगता, "डी.एड. तरी कर." तो 'तरी' मला फार लागतो. स्थळ आलं की पहिला प्रश्न, परमनंट आहे का? सरकारी शाळेतला असला तर लगेच बैठक, खाजगी शाळेतला असला तर "बघू, कळवतो." दोघंही तोच धडा शिकवत असतात. मग आपण मान कशाला देतो, कामाला की पगाराच्या स्लिपला?

तुमची काळजी खोटी नाही, हेही सांगते. बारावी किंवा पीयूसीनंतर दोन वर्षं डी.एड., मग टीईटी ही पात्रता परीक्षा, त्यात खुल्या गटाला 150 पैकी 90 गुण, मग भरती निघायची वाट बघणं. तोवर मानधनावर अतिथी शिक्षक. शाळेचं वर्ष संपलं की ते कामही संपतं. त्यात आपला सीमाभाग. निपाणी कर्नाटकात, पण इथली पोरं देवचंद कॉलेजला जातात, ते अर्जुननगरला, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. दहावी एका राज्याची, बारावी दुसऱ्याची, मग नोकरी कुठे शोधायची? इकडे सरकारी शाळेत शिकवायचं तर कन्नड पक्कं हवं, परिपत्रकंही कन्नडमध्येच येतात. म्हणून ज्यांच्या मुलांना शिक्षक व्हायचंय त्यांनी आत्तापासून त्यांना कन्नड नीट लिहायला शिकू द्यावं. त्याने आपली मराठी उणी होत नाही. उलट बाजूचंही एक सांगते. माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा आला होता. आई चिकोडीकडची, घरी सगळं कन्नड. तो सकाळभर गप्प बसून होता. दुपारी माझा पदर ओढून म्हणाला, "नीरू." मी तांब्या पुढे केला आणि म्हटलं, "पाणी." दोन घोट पिऊन तो म्हणाला, "पाणी." शाळेतला त्याचा पहिला मराठी शब्द तो.

मला विचारतात, बाई, अजून पहिलीलाच? जणू पहिलीची बाई खालची आणि दहावीचे सर वरचे. माझी मोठी इच्छा काय आहे, सांगू? निवृत्तीच्या दिवसापर्यंत मला पहिलीच मिळावी. अक्षर पहिल्यांदा जुळतं तेव्हा पोराच्या तोंडावर जे उमटतं, ते दहावीत बघायला मिळत नाही.

शिक्षकाचं काम लहान वाटत असेल तर हे आठवा. आपल्या बेळगावात 1916 साली सात तरुण शिक्षकांनी मिळून केएलई संस्था उभी केली. लेकरू डॉक्टर व्हावं म्हणून आपण ज्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजकडे आशेने बघतो, ते त्याच संस्थेचं. त्या सात घरांतही कुणी ना कुणी आई असेलच, पोराने चांगली सरकारी नोकरी धरावी असं वाटणारी. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर एम.ए. होत होते, तेव्हा त्यांनी आईला पत्र लिहिलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून मी माझा वेळ लोकांसाठी देणार आहे. पुढे ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. त्या पत्राची आठवण आपण पुन्हापुन्हा काढतो. मला मात्र ते पत्र जिला गेलं, तिचाच विचार येतो. किती वर्षं गरिबी काढून तिने वाट बघितली असेल. तुमच्या घरात पोर असं काही बोललं, तर तुम्ही तिच्याच जागी असता. अवघड जागा आहे ती, मी जाणते.

त्या विडीवाल्या आईला मी म्हटलं, "समजावत नाही. पण कॉलेज सुरू व्हायच्या आत आठ दिवस तिला माझ्या वर्गावर पाठवा. जमलं नाही तर तीच नको म्हणेल."

पोरगी आली. पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोरांपुढे तिचंच तोंड रडवेलं झालं. तिसऱ्या दिवशी ती खाली मांडी घालून बसली, चिंचोके मांडले आणि पोरं ते मोजायला लागली. मी फळ्यापाशी होते. खिडकीत सावली दिसली म्हणून वळले, तर तिची आई. हातात डबा. आत या म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाली. मधली सुट्टी होईपर्यंत ती तिथेच गज धरून उभी होती. त्या दिवशी तिची हजारी पुरी झाली नसेल.