पाळकाचे पुस्तक आणि मुलांची साक्ष

प्रश्न : कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांत झालेल्या अत्याचारांवर तिथल्या एका माजी मंत्र्याने पुस्तके लिहिली आहेत, असे वाचले. हे गृहस्थ कोण? त्यांच्या लिहिण्यावर कितपत विश्वास ठेवावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ‘मंत्री’ या शब्दाचा उलगडा करतो. प्रोटेस्टंट चर्चमध्ये उपासना चालवणाऱ्यालाही ‘मिनिस्टर’ म्हणतात. आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती त्याला पाळक म्हणतात. तुम्ही वाचलेत ते बहुधा केविन ॲनेट यांच्याबद्दल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते व्हँकूव्हर बेटावरच्या पोर्ट अल्बर्नी गावी युनायटेड चर्चचे पाळक होते. १९९५ मध्ये त्यांचे तिथले काम सुटले आणि १९९७ मध्ये चर्चने त्यांचे पाळकपद काढून घेतले. शाळेतल्या अत्याचारांबद्दल बोललो म्हणून ही शिक्षा झाली, असे ते सांगतात. चर्चला ते मान्य नाही.

या गावातली निवासी शाळा त्याच चर्चची. ती १९७३ मध्ये बंद झाली. नू-चा-नुल्थ आणि इतर जमातींची मुले तिथे आईबापांपासून तोडून ठेवलेली असत. वसतिगृहाचा पर्यवेक्षक आर्थर प्लिंट याला लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी १९९५ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली. ती झाली कारण तीच मुले मोठेपणी उभी राहिली आणि जे आयुष्यभर घरातही बोलता आले नव्हते ते त्यांनी भर न्यायालयात सांगितले. नुकसानभरपाईचा दावा त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला. २००५ मध्ये निकाल लागला : ७५ टक्के जबाबदारी सरकारची, २५ टक्के चर्चची.

याच शाळेत १९४८ नंतर सरकारी आहारतज्ज्ञांनी प्रयोगही केले. मुलांना दूध कमी मिळते हे ठाऊक असूनही दोन वर्षे ते गरजेच्या निम्म्याहून कमीच ठेवले. का, तर पुढे दूध वाढवल्यावर पडणारा फरक मोजता यावा. इतिहासकार इयन मॉस्बी यांनी २०१३ मध्ये हे प्रकरण कागदपत्रांनिशी मांडले. मला हे वाचून फार अस्वस्थ व्हायला होते. अंगावर हात टाकणारा एक नराधम समजू शकतो, पण उपाशी मुलांचा तक्ता मांडणारे शिकलेसवरलेले लोक?

आता तुमचा दुसरा प्रश्न. ॲनेट यांनी हा विषय मोठ्याने मांडला, हे खरे. पण त्यांनी पसरवलेल्या सगळ्याच गोष्टी पुराव्यावर टिकत नाहीत. १९६४ मध्ये राणी एलिझाबेथने कॅमलूप्सच्या शाळेतून दहा मुले नेली, ही त्यांतलीच एक. त्या वर्षीच्या दौऱ्यात राणी शार्लटटाउन, क्वेबेक आणि ओटावा इथेच गेली होती. कॅमलूप्स तिथून हजारो किलोमीटर पश्चिमेला. अशा कथांनी भले होत नाही. ‘हे सगळेच खोटे’ म्हणायला टपलेल्यांच्या हाती त्या कोलीत देतात आणि भोगलेल्या माणसाला आपले खरेपण नव्याने सिद्ध करत बसावे लागते.

पद सोडल्यावर लिहिलेलेच वाचायचे असेल, तर डॉ. पीटर ब्राइस यांचे वाचा. हे सरकारचेच वैद्यकीय अधिकारी. १९०७ मध्ये त्यांनी शाळांतल्या क्षयरोगाने आणि कोंदट खोल्यांनी होणारे बालमृत्यू आकड्यांसह सरकारपुढे ठेवले. सरकारने दाद दिली नाही. निवृत्तीनंतर, १९२२ मध्ये, त्यांनी सारी हकिगत पुस्तिकेत छापली. म्हणजे कोणाला माहीत नव्हते, असे म्हणायची सोय तेव्हाच संपली होती. तरी शेवटच्या शाळा १९९० च्या दशकापर्यंत चालल्या आणि दीड लाखाहून अधिक मुले या शाळांतून गेली.

मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य व सलोखा आयोगाने ६,५०० हून अधिक लोकांचे ऐकून घेतले आणि २०१५ मध्ये या व्यवस्थेला ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटले. आयोगाचा अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. ॲनेट यांचे पुस्तक जरूर वाचा, पण त्याआधी या अहवालातल्या साक्षी वाचा. तिथे ती मुले स्वतः बोलतात.