निमाडातला समुद्र : जीवाश्म कसे ओळखावेत?



बुऱ्हाणपूरहून समुद्र पाहायचा तर शेकडो किलोमीटर प्रवास करावा लागतो. पण सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्रच पश्चिमेकडून नर्मदा खोऱ्यात शिरला होता. धार जिल्ह्यात बाघ, मनावर, जिराबाद या परिसरात त्याच्या तळाशी साचलेले थर आजही उघड्यावर दिसतात. त्यांना 'बाघ थर' म्हणतात. १८६९ साली ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यावर अहवाल लिहिला. १८८४ साली प्रमथनाथ बोस यांनी या थरांची नीट मांडणी केली. त्यांतील सर्वांत खालच्या वालुकाश्माचे नाव आहे 'निमाड वालुकाश्म'. आपल्या निमाडचे नाव असे भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत गेले आहे.

आधी आपल्या पायाखाली पाहू

आपल्या गावचा आणि असीरगडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसापासून तो बनला. त्यात समुद्री शंख-शिंपले मिळत नाहीत. म्हणून इथे सापडलेल्या दगडाला जीवाश्म म्हणण्यापूर्वी तीन फसव्या गोष्टी लक्षात ठेवा.

१. दगडावरची काळी, झाडाच्या फांदीसारखी नक्षी. ही वनस्पती नसते. भेगेत झिरपलेल्या पाण्यातील मँगनीजमुळे ती उमटते.
२. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा गोल धोंडा. हे अंडे नाही. बेसाल्ट झिजताना असे गोळे तयार होतात.
३. गारगोटी किंवा अकीकातील गोल पट्टे. हा शंख नाही. पोकळीत थरावर थर साचून हे पट्टे बनतात.

आकारावरून ओळख

बाघ थरांत पाठीचा कणा नसलेल्या समुद्री प्राण्यांचे अवशेष विपुल आहेत. नवशिक्याने आधी नाव शोधू नये, आकार पाहावा.

*अ‍ॅमोनाइट* : चकलीसारखा एकाच पातळीत गुंडाळलेला. आतून कप्प्यांचा असतो. दगड झिजला असेल तर कप्प्यांच्या पडद्यांच्या नागमोडी रेषा दिसतात. अनेकांच्या देवघरात असलेला, नेपाळमधील गंडकी नदीतून आलेला चक्रांकित शाळिग्राम हा अ‍ॅमोनाइटच. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे समुद्र होता, याची ती खूण आहे. घरच्या मोठ्यांना विचारून त्याचे चक्र जवळून पाहा.

*शंख* : याचेही वेढे असतात, पण ते बहुधा जिन्यासारखे वर चढत जातात आणि आत कप्पे नसतात.

*शिंपला आणि ब्रॅकिओपोडा* : इथे बहुतेकांची गल्लत होते. दोघांनाही दोन झडपा असतात. साधारण शिंपल्याच्या दोन झडपा एकमेकींच्या आरशातील प्रतिमा असतात, पण एकच झडप उभी दुभागली तर दोन भाग सारखे येत नाहीत. ब्रॅकिओपोडाचे उलट असते : दोन झडपा लहानमोठ्या, पण प्रत्येक झडपेचे डावे-उजवे भाग सारखे. कालव (ऑयस्टर) मात्र वेडेवाकडे असते, त्याला हा नियम लावू नये. बाघ थरांतील ब्रॅकिओपोडांचा अभ्यास जी. डब्ल्यू. चिपळोणकर यांनी केला. १९३८ साली त्यांनी एका प्रजातीला 'माल्विरिंकिया' असे नाव दिले. त्या नावात आपला माळवा आहे. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत चिपळोणकर आणि बडवे यांनी या थरांवर बरेच काम केले.

*सी अर्चिन* : गोल किंवा हृदयाच्या आकाराचा, वर पाच पाकळ्यांचे फूल कोरल्यासारखा. पाच मोजता आले की ओळख पटली.

*ब्रायोझोआ* : काडीच्या तुकड्यासारखे, अंगभर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे. भिंगाशिवाय कळत नाहीत. बाघ थरांतील ज्या दगडाला 'कोरलाइन' म्हणजे प्रवाळी चुनखडी म्हणतात, तो मुख्यतः यांच्याच तुकड्यांनी भरलेला आहे. वरवर प्रवाळ वाटले, भिंगाखाली दुसरेच निघाले. नाव मात्र राहून गेले.

दगडाचा पत्ता

साहित्य साधे आहे : दहा पट मोठे दाखवणारे भिंग, जुना दात घासायचा ब्रश, पाणी, वर्तमानपत्र, वही आणि पेन्सिल. यांत सर्वांत महत्त्वाची वही. दगड कोणत्या गावाजवळ, कोणत्या नाल्यात, कोणत्या थरात, कोणत्या तारखेला पाहिला, हे तिथेच लिहावे. घरी येऊन आठवून लिहू नये. सुंदर अ‍ॅमोनाइटचा पत्ता हरवला तर तो फक्त शोभेची वस्तू उरतो. साध्या तुटक्या शिंपल्याचा पत्ता असेल, तर समुद्र कुठवर आला होता हे तो सांगू शकतो.

याचे उदाहरण शाळेतलेच आहे. धार जिल्ह्यातील बाकानेरच्या उच्च माध्यमिक शाळेतील शिक्षक विशाल वर्मा अनेक वर्षे त्या भागात शोध घेत आले. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवणाऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत त्यांचे नाव आहे. अशा कामाचा पाया म्हणजे जागेवरची काळजीपूर्वक नोंद.

म्हणून हातोडा घेऊन जाऊ नका. बाघजवळ २०११ साली डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान झाले आहे. तेथून खडासुद्धा उचलायचा नाही. इतरत्रही आधी जमिनीच्या मालकाला विचारावे, फोटो काढावा, चित्र काढावे, आणि खडकात बसलेली वस्तू तिथेच राहू द्यावी. दहा मुलांनी एकेक तुकडा फोडून आणला, तर अकराव्याला पाहायला काय उरणार?

पालकांना विनंती : मुलांना बाजारातून जीवाश्म विकत घेऊन देऊ नका. त्यांचा खरा पत्ता सहसा कळत नाही, आणि खरेदीमुळे फोडणाऱ्यांना प्रोत्साहन मिळते. विश्वस्त मंडळास विनंती : विज्ञान कक्षासाठी पाच-सहा चांगली भिंगे आणि खण असलेले एक लहान कपाट मिळावे. कपाटात चिठ्ठी नसलेला एकही दगड ठेवला जाणार नाही.

स्वाध्याय

१. तापीच्या वाळूतील एक रिकामा शिंपला आणा. कागदावर ठेवून रेघ काढा. एका झडपेचे दोन भाग सारखे येतात का?
२. ताजा शिंपला आणि तेवढाच दगड हातात घेऊन वजनातील फरक पाहा.
३. घराजवळच्या कोणत्याही एका दगडाचा पूर्ण पत्ता पाच ओळींत लिहा.

उत्तमोत्तम वह्या पुढील अंकात अवश्य छापू.

— प्राचार्य