मुळांशीं राहणारे मदतनीस

आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या मुलास हरभऱ्याच्या मुळांवरील बारीक गांठींचें नवल नाहीं. त्या गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात. परंतु जेथें गांठी नाहींत, अशा मुळांभोंवतींहि असंख्य जंतूंची वस्ती असते. मुळांलगतच्या या मातीला १९०४ सालीं हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञानें स्वतंत्र नांव दिलें. घाण पाणी निवळण्याच्या कामीं या वस्तीचा मोठा उपयोग होतो, तो आज पाहूं.

गांवाबाहेर सांडपाणी सांचतें तेथें पाणकणीस व लव्हाळे माजलेले आपण पाहतों. चिखलांत हवा नसते. म्हणून पाणकणीस आपल्या पोकळ भागांतून हवा मुळांपर्यंत नेतें. तींतील थोडा प्राणवायु मुळांबाहेर झिरपतो. शिवाय मुळें साखरेसारखीं द्रव्यें बाहेर सोडतात. वायु आणि अन्न दोन्ही मिळाल्यामुळें तेथें जंतु भरभराटतात. ते पाण्यांतील कुजके पदार्थ खाऊन टाकतात व अमोनियाचें नायट्रेट बनवितात. मुळापासून किंचित् दूर, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्रेटापासून नत्रवायु निर्माण करतात, आणि तो हवेंत निघून जातो. झाडानें घर द्यावें व जंतूंनीं घर झाडावें, असाच हा व्यवहार होय.

हें केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. जर्मनींत केटे झायडेल या विदुषीनें १९५० नंतरच्या दशकांत असे प्रयोग केले. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधनसंस्थेनें याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ नांवाची पद्धति सिद्ध केली. तींत खडीच्या हौदांत अशा वनस्पति लावून त्यांच्या मुळांमधून सांडपाणी हळूहळू वाहूं देतात. तें पिण्याजोगें होत नाहीं. पण बागेस देतां येतें.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. शिसें, क्रोमियम असे धातु जंतूंना नष्ट करतां येत नाहींत. ते चिखलांत व झाडांत सांठून राहतात. म्हणून कारखान्याच्या पाण्यावर वाढलेलें पाणकणीस गुरांस घालूं नये.

२०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें पालकांस स्मरत असेलच. आपल्या जिल्ह्यांतहि पाऊस बेताचा. तेरणा व बोरी या नद्यांस मिळणारा प्रत्येक ओढा निर्मळ राहणें म्हणूनच अगत्याचें आहे. ओढ्याकांठचें पाणकणीस निरुपयोगी समजून जाळण्यापूर्वीं त्याच्या मुळांशीं खपणाऱ्या या मुक्या मदतनिसांची आठवण ठेवावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.