पेजेचं पाणी नको, घट्ट घास हवा



मागे दिवेआगरच्या एका गटात बचतीचा हिशोब आटोपला, तेव्हा एक ताई हळूच म्हणाली, "मॅडम, बाळ साडेसात महिन्यांचं झालं. तीनदा पेज देते, तरी दोन महिने वजन हललं नाय." सासूबाई शेजारीच होत्या. "दात आल्याशिवाय घट्ट कसं पचेल?" त्यांनी विचारलं.

मी घरातून पेजेची वाटी मागवली. चमचा कलता केला, तर सगळी पेज ओघळली. बाळाचं पोट लहान. ते पाण्याने भरलं तर ताकद कुठून येणार? आणि मऊ कुस्करलेलं खायला दात लागत नाहीत, हिरड्या पुरतात.

लक्षात ठेवा:

१. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. त्यानंतर वरचं खाणं सुरू करा. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवा.

२. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. हळूहळू अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा.

३. गुरगुट्या भात, मूगडाळ, वर चमचाभर तूप किंवा खोबरेल. नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं, शिजवलेला भोपळा. अंडं आणि काटे नीट काढलेला ताजा मासाही सहा महिन्यांनंतर चालतो. सुकी मासळी खारट, ती नको.

४. वर्षाच्या आत मध, मीठ, साखर नको. चहा-बिस्किटाने तर भूकच मरते.

५. अंगणात वाळणारी सुपारी, शेंगदाणे बाळाच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकतात.

६. ताप-जुलाबात खाणं बंद करू नका. थोडं थोडं, जास्त वेळा द्या.

अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार बाळाचाच आहे, तो घरात वाटून संपवू नका. दर महिन्याला वजन करा. वाढलं नाही तर आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा.

त्या बाळाचं वजन पुढच्या महिन्यात ३०० ग्रॅमने वाढलं. आता डाळ-भात सासूबाईच कुस्करतात, नि चमचा कलता करून बघतात!

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने हे करून बघा. चमच्यावरून घास ओघळला नाही, तर समजा बरोबर शिजलंय.