ॲव्हरेज नंतर विचारा

शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत वाई, भुईंज, साताऱ्याकडून रोज ये-जा करणारे आम्ही पुष्कळ आहोत. शिफ्ट सुटते तेव्हा एसटी मिळेलच असं नसतं, कंपनीची बस ठरलेल्या थांब्यापलीकडे जात नाही आणि भर पावसात दुचाकीवरून खंबाटकी घाट चढायला घरचे तयार नसतात. मग नोकरीत थोडं स्थिरावलं की जो तो जुनी गाडी शोधायला लागतो. बजेट दोन ते चार लाख आणि पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते?

माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. हिशेब करून बघा. वाई ते शिरवळ जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणजे महिन्याला दोन हजार. अठराचं ॲव्हरेज देणारी गाडी 111 लिटर पेट्रोल पिते, एकविसाचं देणारी 95 लिटर. लिटरला 105 रुपये धरले तर फरक सतराशे रुपयांच्या आत-बाहेर. तेवढ्या पैशांत घाटात बंद पडलेली गाडी टोचन लावून खालीसुद्धा येत नाही. रोजच्या वाटेवरची गाडी सकाळी सुरू झाली पाहिजे आणि रात्री घरी पोचवली पाहिजे. पेट्रोलची बचत हा त्यानंतरचा विषय.

2021 च्या हिवाळ्यात मी एका व्यापाऱ्याकडून पाच वर्षांची पेट्रोल हॅचबॅक घेतली. पासिंग पुण्याचं, रंग चकचकीत, इंजिनाचा आवाज एकसारखा. वाहन पोर्टलवर नंबर टाकून पाहिला तर कर भरलेला, बँकेचा बोजा उतरलेला, विमा चालू. फिटरनं कॉम्प्रेशन तपासून होकार दिला. उन्हाळाभर गाडीनं काही कुरकुर केली नाही, ॲव्हरेजही उत्तम दिलं.

पहिला मोठा पाऊस झाला आणि डाव्या दाराची काच मध्येच अडकली. मग एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. दिवा गेला तर सेंट्रल लॉक आपोआप पडायला लागलं. प्रत्येक वेळी वेगळा बिघाड, प्रत्येक वेळी वेगळा पार्ट बदलायचा. अखेर सेकंड शिफ्ट संपवून परतताना खंबाटकीच्या घाटात, वळणावर, इंजिन बंद पडलं. मागून कंटेनर येत होते, आणि पार्किंगचे दिवेही लागेनात. बरोबरच्या सहकाऱ्यानं मोबाइलची बॅटरी हलवत मागची वाहनं थांबवली म्हणून निभावलं.

वाईच्या एका इलेक्ट्रिशियननं दुसऱ्या दिवशी गाडी उघडली. इंजिनाकडे तो गेलाच नाही. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी त्यानं स्क्रूड्रायव्हरनं उचकटली, गालिचा वर उचलला आणि खालच्या फोममध्ये बोट खुपसलं. बोटाला तांबूस, पिठासारखा मऊ गाळ लागला. तिथूनच वायरिंगचा मुख्य जुडगा जातो. कनेक्टर सोडवला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. "दादा, ही पुरातली गाडी आहे," तो म्हणाला. "इंजिन धुऊन होतं, वायरिंग धुता येत नाही. उन्हाळ्यात सुकतं, पावसाळ्यात परत ओल धरतं."

ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. जुलै 2021 मध्ये तिथं पुन्हा पूर आला, चिपळूण बुडालं. अशा पुरात हजारो गाड्या सापडतात. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते, मालकाला भरपाई देते आणि ती गाडी लिलावात जाते. सुट्या भागांसाठी विकली गेली तर हरकत नाही. पण त्यांतल्या काही धुऊन, नवे सीटकव्हर चढवून, दुसऱ्या जिल्ह्यात परत विक्रीला येतात. बुडालेल्या गावातल्या माणसाचा यात काही दोष नाही, त्याचं तर आधीच नुकसान झालेलं असतं. दोष आहे तो ही गोष्ट लपवून गाडी पुढं ढकलणाऱ्याचा.

म्हणून गाडी बघायला जाताना टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि जुना टॉवेल बरोबर न्या. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बेल्टचा जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तो धुवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि पाण्याची मळकट रेघ तिथं राहते. सीट पुढं-मागं सरकवून खालचे रूळ नि बोल्टांची डोकी बघा. छताखाली बसणाऱ्या सीटच्या बोल्टला नारिंगी गंज चढायचं एरवी कारण नाही. डिकीतली स्टेपनी उचलून खोलगट भागाच्या सांध्यांत टॉवेल फिरवा, गाळ लागतो का बघा. हेडलाइटच्या आत बाष्पाची आडवी खूण दिसते का, ते पाहा. मग काचा बंद करून हीटर पूर्ण सोडा आणि आत बसून राहा. अत्तराच्या बाटलीनं झाकलेला ओल्या गोणपाटासारखा वास गरम हवेबरोबर वर येतो. आणि उंबऱ्याची पट्टी काढून गालिचा उचलू द्या, असं सरळ सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, काही तुटत नाही. विकणारा नको म्हणाला तर पुढं बोलू नका, परत फिरा.

कागदांत एक खूण असते, ती सहसा कुणी सांगत नाही. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनसचा आकडा छापलेला असतो. क्लेम न घेता पहिलं वर्ष गेलं की 20 टक्के, पुढं 25, 35, 45 आणि शेवटी 50. गाडी पाच वर्षांची, मालक पहिलाच आणि बोनस शून्य, तर क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी. तो कशाचा, ते विचारायचं आणि बिल मागायचं. मालक बदलला की बोनस शून्यावर येतो, म्हणून हा आकडा आरसीवरच्या मालकांच्या क्रमांकाशी ताडून बघावा. माझ्या गाडीच्या पॉलिसीवरही शून्यच होता, आणि व्यापाऱ्यानं त्याचं कारण सांगितलं ते बंपरचा किरकोळ क्लेम.

बुडालेल्या गाडीपेक्षा जास्त आढळते ती मीटर मागं फिरवलेली गाडी. इथं अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी कामाला येतात. गाडी जेव्हा जेव्हा तिथं गेली तेव्हाचं किलोमीटर त्यांच्याकडं लिहिलेलं असतं. मालकाला बरोबर घेऊन जा, त्याच्यासमोर इतिहास मागा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटर पंचवीस हजार सांगत असेल आणि टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवे निघाले, तर मूळ टायर कुठं झिजले हे विचारायला हवं. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगवरचा खडबडीतपणाही बरंच सांगतो.

अपघात बघायचा तर दाराच्या चौकटीवरचं बिडिंग ओढून काढा. कारखान्यात मारलेले स्पॉट वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. तिथं लांबी भरलेली असेल किंवा हातानं ओढलेलं वेल्डिंग असेल, तर मार खांबापर्यंत गेलेला आहे. बंपर, फेंडर, दाराचा पत्रा बदलला असेल तर मी तरी गाडी नाकारणार नाही. आपल्या रस्त्यांवर ते होणारच.

इंजिनासाठी आदल्या दिवशी एकच विनंती करा: सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावून ते गार आहे याची खात्री करा आणि स्वतः सुरू करा. गार इंजिन खोटं बोलत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरत असू शकतं, आणि हेड गॅस्केट तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. डायग्नोस्टिक स्कॅनर फिटरकडं असतोच. त्यात नुसते एरर बघू नका, एरर पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली तेही बहुतेक गाड्यांत दिसतं. तिथं पाच-दहा किलोमीटर निघाले तर काल संध्याकाळीच कुणीतरी दिवे विझवलेत.

मग चढावर न्या. आमच्याकडं खंबाटकीचा जुना घाट आहे. तुमच्याकडं जो असेल तो. चार माणसं बसवून, एसी लावून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वर न्या. तापमानाचा काटा अर्ध्यावरून हलता कामा नये. इंजिनाचा आवाज वाढतोय आणि गाडी त्या मानानं पुढं जात नाही, असं झालं तर क्लचप्लेट संपत आलीय. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर फिरून हे कळत नाही.

आता ॲव्हरेज. जाहिरातीत छापतात तो आकडा पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर असलेल्या एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेतून येतो. गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार, एसी बंद ठेवून चालवतात. गाड्यांची आपसांत तुलना करायला तो ठीक. महिन्याचं बजेट त्यावर बांधू नका, पाचवा हिस्सा तरी वजा धरा. मालकाचा आकडा घेण्यापेक्षा त्याच मॉडेलच्या दोन-तीन चालवणाऱ्यांना गाठा आणि टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलेलं विचारा. इथेनॉलचाही विचार करा. इथेनॉल मिसळण्याबद्दलच्या 2021 च्या नीती आयोगाच्या आराखड्यातच म्हटलं आहे की मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं. ई-20 ला चालणारे भाग एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत आले, म्हणून त्याआधीची गाडी घेताना पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंप बघून घ्या, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेही वाचा.

सीएनजीचं गणित आकर्षक आहे आणि ते खरंही आहे. महिन्याला दोन हजार किलोमीटरला तीन-चार हजार रुपये वाचू शकतात. पण कंपनीनं बसवलेलं किट असेल तरच घ्या, आरसीवर इंधन म्हणून सीएनजीची नोंद आहे ना ते बघा, आणि सिलिंडरच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या हायड्रो टेस्टची तारीख तपासा. घाट असेल तर आणखी एक. एक लिटरची वॅगन आर पेट्रोलवर 67 पीएस ताकद देते, सीएनजीवर 57. चौघे बसले की ते दहा पीएस चढावर जाणवतात. डिझेल मी रोजच्या मध्यम अंतरासाठी सुचवत नाही. जुन्या डिझेलचे इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर वर्षभराची बचत एका बिलात जाते, आणि एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेलमधला काजळीचा फिल्टर गावातल्या छोट्या फेऱ्यांत तुंबतो.

माझा कल 1.2 लिटरच्या साध्या पेट्रोल हॅचबॅककडं आहे. स्विफ्ट, 1.2 ची वॅगन आर, ग्रँड आय-10, किंवा नीट ठेवलेली इटिऑस लिव्हा. यांतल्या मारुती-ह्युंदाईचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात आणि कुठल्याही फिटरचा हात त्यांवर बसलेला असतो. अडलेल्या वेळी याची किंमत कळते. पहिली गाडी मी पुराची हकीगत सांगून, सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिली. ती पुन्हा कुणाच्या मुलाबाळांना घेऊन घाटात जावी असं मला वाटत नव्हतं. नंतर घेतलेली याच यादीतली आहे.

व्यापाऱ्याकडून घेत असाल तर एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्याकडं आरटीओचं अधिकारपत्र असायला हवं, ते मागा. गाडी पुरात, अपघातात सापडलेली नाही असं बिलावर लिहून घ्या. ही ओळ असली की जिल्हा ग्राहक आयोगात तुमची बाजू भक्कम होते. तक्रारीची मुदत दोन वर्षं. "जशी आहे तशी" असा शिक्का असलेलं बिल घेऊ नका.

व्यवहार ठरला की मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी, तारखेसह. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35, दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी आणि इथला कर वेगळा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्याच गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडकतो. जुना फास्टॅग मालकाला बंद करायला लावा. विकणाऱ्यानंही नाव बदलायची घाई करावी, कारण आरसीवर नाव आहे तोवर अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. दहा-पंधरा हजारांची रक्कम आरसी आपल्या नावानं येईपर्यंत राखून ठेवायची आणि तसं दोघांनी सही करून लिहून ठेवायचं. प्रामाणिक विकणारा याला तयार होतो.