कोणते शहर पाहावे?

मुलांनो, समजा तुमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत प्रवासाला जायचे ठरले आहे. हातात सात दिवस आहेत. घरातली माणसे पाच आहेत आणि पैसे मोजकेच आहेत. आता सांगा, कोणती शहरे पाहाल?

मी रावेतला राहतो. हे पिंपरी-चिंचवड शहरात, पवना नदीच्या काठी आहे. जवळचे रेल्वे स्टेशन आकुर्डी. मागच्या वर्षी हाच प्रश्न मी वर्गात विचारला आणि भारताचा मोठा नकाशा भिंतीवर लावला. बघता बघता फळा नावांनी भरून गेला. दिल्ली, आग्रा, जयपूर, लखनौ, कोलकाता, चेन्नई! एका मुलाने तर सात दिवसांत सात शहरे बसवली. मी विचारले, "बेटा, झोपणार कुठे?" तो म्हणाला, "गाडीत, सर." सगळे हसले. पण तो खरे तेच बोलला होता. त्या बेताने शहरे दिसली नसती, फक्त स्टेशने दिसली असती.

आपला देश किती मोठा आहे, हे नकाशावर बोट फिरवून कळत नाही. ते रेल्वेच्या वेळापत्रकात कळते. पुण्याहून दिल्लीला जायला जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र लागते. म्हणजे जाण्यायेण्यात सातांपैकी दोन दिवस गेले. कोलकाता त्याहूनही लांब. २०११ च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक वस्तीची ५३ शहरे मोजली गेली. ती सगळी एका सुट्टीत तर सोडाच, दहा सुट्ट्यांतही पाहून होणार नाहीत. मग काही नावे खोडावीच लागतात. नाव लिहिणे सोपे असते, खोडणे अवघड.

खोडायचे कसे? शहर प्रसिद्ध आहे, एवढे कारण पुरेसे नाही. तिथे जाऊन आपल्याला काय पाहायचे आहे, हे आधी स्वतःला विचारा. उर्दू वृत्तपत्रांचा आरंभ कुठे झाला, हे जाणून घ्यायचे असेल तर कोलकात्याला जा. 'जाम-ए-जहाँ-नुमा' हे उर्दू वृत्तपत्र तिथेच १८२२ मध्ये निघाले. गालिबची हवेली पाहायची असेल तर दिल्लीच्या बल्लीमारान भागात जावे लागेल. आणि मुंबई? ती जवळ आहे म्हणूनच राहून जाते. सकाळी निघून रात्री परत येता येते, तरी माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता!

त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या कागदावर एकच नाव होते – हैदराबाद. मी कारण विचारले. ती म्हणाली, "सर, दादींचे गुडघे दुखतात. दिल्लीपर्यंत त्यांना बसवणार नाही. दादी पुण्याच्या पुढे कधी गेल्याच नाहीत. त्या येणार नसतील तर मीही जाणार नाही."

वर्ग शांत झाला. आम्ही नकाशाजवळ गेलो. पुण्याहून रात्री गाडीत बसले की सकाळी हैदराबाद. दादींना खालचा बर्थ मिळाला की झाले. मात्र आरक्षण दोन महिने आधी उघडते. दिवाळीच्या तोंडावर जागे होणाऱ्याला जागा मिळत नाही.

आणि हैदराबादेत पाहायला थोडे आहे का? चारमिनार १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशाहाने बांधला. हा बादशहा कवीही होता. त्याच्या दखनी कवितांचा दीवान आजही वाचला जातो. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जात असे. आज रस्त्यावरच्या पाट्यांवर तेलुगू दिसते आणि बाजारात दखनी ऐकू येते. ती दखनी कान देऊन ऐका. 'नहीं चाहिए' म्हणायचे तिथे 'नक्को' म्हणतात. हा आपल्या मराठीचा 'नको' आहे! बोलताना जोर देण्यासाठी आपण 'मीच', 'आजच' म्हणतो. तो 'च'सुद्धा दखनीत आहे. मराठीच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलांनी तिथल्या एखाद्या दुकानात उभे राहून पाहावे.

आम्हा रावेतकरांचे आणखी एक नाते आहे, ते पाण्याचे. रावेतच्या बंधाऱ्यातून पवनेचे पाणी उचलून शहराला दिले जाते, म्हणून नदी दिसली की आम्ही आधी पाणी बघतो. हैदराबादची नदी मुसी. सप्टेंबर १९०८ मध्ये तिला भयंकर पूर आला आणि हजारो माणसे मेली. पुढे असा पूर येऊ नये म्हणून विश्वेश्वरय्या यांना बोलावले. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे करणारे अभियंते तेच. त्यांच्या सल्ल्याने मुसीचे पाणी अडवणारे जलाशय झाले. त्यातला उस्मानसागर १९२० मध्ये पूर्ण झाला.

हे सगळे ऐकून एका मुलाला शंका आली. "सर, गोवळकोंड्याच्या किल्ल्यावर शेकडो पायऱ्या आहेत. दादी कशा चढतील?"

त्या मुलीने याचाही विचार करून ठेवला होता. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजात घुमटाखाली टाळी वाजवली, की ती वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते, हे तिने वाचले होते. ती म्हणाली, "दादी खाली बसतील आणि टाळी वाजवतील. मी वरून ऐकेन."