वर्गातील उमेदवारी : शिक्षक घडविण्याचा एक मार्ग

मुठा नदीच्या काठी वसलेले वारजे हे एके काळी शेतीवाडीचे गाव होते. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि पाहता पाहता शहराचे उपनगर झाले. मुंबई-बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता येथूनच जातो. त्याच्या दोन्ही अंगांनी उंच इमारती उठल्या, आणि त्या उभारणाऱ्यांच्या वस्त्याही वाढल्या. बांधकामावरील मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, रिक्षाचालक अशांची मुले ज्या शाळांत येतात, तेथील पहिलीचा वर्ग चालविणे हे काम दिसते तितके सोपे नाही. एकाच बाकावर घरी मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारी मुले बसतात. इमारत पूर्ण झाली की मजुराचे कुटुंब दुसऱ्या कामावर जाते आणि हजेरीपटावरील एक नाव वर्षाच्या मध्यावरच गळते. आईवडील भेटतात ते दिवेलागणीनंतर. अशा वर्गासाठी शिक्षक कोठे आणि कसा तयार व्हावा, हा या लेखाचा विषय आहे.

सुताराच्या हाताखाली, वैद्याच्या शेजारी, वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केल्याखेरीज माणूस त्या धंद्यात मुरत नाही, हे आपल्याकडे कोणी समजावून सांगावे लागत नाही. शिक्षकाच्या बाबतीत मात्र हा नियम दीर्घकाळ सैल राहिला. न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ साली शिक्षक-प्रशिक्षणाच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी वीस आठवडे राखून ठेवले. सुधारणा मोलाची, यात शंका नाही. परंतु हे आठवडे दोन वर्षांत विभागले जातात. वर्ग जूनमध्ये कसा असतो आणि एप्रिलमध्ये कसा होतो, हा सलग प्रवास उमेदवाराला पाहावयास मिळेलच असे नाही. शिवाय या काळात त्याला वेतन नसते, उलट शुल्क भरावे लागते. ज्या घरात दोन वर्षे कमावता हात मोकळा ठेवणे परवडत नाही, त्या घरातील होतकरू मुलगी किंवा मुलगा या वाटेकडे वळत नाही. वस्तीतील मुलांची भाषा आणि अडचणी ज्यांना उपजतच ठाऊक, नेमके तेच दाराबाहेर राहतात.

अमेरिकेतील काही मोठ्या शहरांना हीच अडचण वेगळ्या रूपाने भेडसावत होती. गरीब वस्त्यांतील शाळांत नवे शिक्षक येत आणि दोन-तीन वर्षांत सोडून जात. शिकागोत २००१ मध्ये आणि बोस्टनमध्ये २००३ मध्ये यावर एक तोडगा सुरू झाला. वैद्यकीय पदवीधर रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करतो, त्या धर्तीवर तेथे शिक्षकाची सवेतन उमेदवारी आखली गेली. उमेदवार शाळेचे एक पूर्ण वर्ष एकाच अनुभवी शिक्षकाच्या वर्गात घालवितो. आरंभी तो पाहतो, मग चार-पाच मुलांचा गट सांभाळतो, मग एखादा पाठ घेतो आणि वर्ष सरता सरता संपूर्ण वर्ग त्याच्या हाती येतो. जोडीला अध्यापनशास्त्राचा अभ्यास चालतो आणि निर्वाहासाठी विद्यावेतन मिळते. त्या बदल्यात पुढे काही वर्षे त्याच शहरातील शाळांत काम करण्याचे बंधन तो स्वीकारतो. बोस्टनमध्ये ही मुदत तीन वर्षांची आहे.

महाराष्ट्रात हुबेहूब अशी योजना नाही, पण तिच्या जवळपास जाणारे प्रयोग आहेत, आणि त्यांतील फरक समजून घेण्याजोगे आहेत. शासनाने २००० साली शिक्षण सेवक योजना आणली. प्राथमिक शाळेतील नवा शिक्षक तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करतो आणि नंतर नियमित वेतनश्रेणीत येतो. प्रारंभी हे मानधन दरमहा ३,००० रुपये होते. २०१२ मध्ये ते ६,००० झाले आणि जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये करण्यात आले. ही वाढ होईपर्यंत शहरात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या सेवकाने महिना कसा भागविला असेल, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच मांडून पाहावा. तथापि मुख्य उणीव रकमेची नाही. सेवक पहिल्याच दिवशी वर्गात एकटा उभा राहतो. त्याच्या शेजारी बसून शिकविणारा कोणी नसतो. नाव सेवकाचे असले तरी जबाबदारी पूर्ण शिक्षकाची असते.

पुणे व मुंबई येथे २००९ पासून ‘टीच फॉर इंडिया’ या संस्थेने पदवीधर तरुणांना दोन वर्षांच्या सवेतन अधिछात्रवृत्तीवर महापालिकेच्या आणि अल्प शुल्काच्या शाळांत पाठविण्यास आरंभ केला. उत्साही तरुण वस्तीतील घराघरांत पोहोचले, ही तिची जमेची बाजू. पण येथेही अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर अधिछात्राच्या हाती थेट वर्ग येतो, आणि मुदत संपल्यावर अनेक जण अन्य क्षेत्रांत जातात. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतही पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन देण्यात आले आणि काही प्रशिक्षणार्थी शाळांत रुजू झाले. मूळ मुदत सहा महिन्यांची होती. एवढ्यात मुलांची नावे पाठ होतात, त्यांच्या चुकांचा उगम कळत नाही.

वेतन आहे तेथे मार्गदर्शक नाही, आणि मार्गदर्शक आहे तेथे वेतन नाही, अशी ही स्थिती. दोन्हींची सांगड घातली नाही तर सवेतन उमेदवारी म्हणजे रिक्त जागा स्वस्तात भरण्याची युक्ती ठरेल, हा आक्षेप शिक्षक संघटना घेतील आणि तो रास्तच असेल. उमेदवार हा मंजूर पदावरील शिक्षकाच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला असला पाहिजे.

वारज्याला लागूनच कर्वेनगर आहे, म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम तेथे एका झोपडीत आणला. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून ते पायी हिंगण्यास जात. केवळ विद्यार्थिनी जमवून भागणार नाही, काम करणारी माणसेही घडवावी लागतील, हे ओळखून त्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्ममठाची स्थापना केली. कार्यकर्त्यांच्या निर्वाहाची चिंता संस्थेने वाहावी आणि त्यांनी कामातच तयार व्हावे, ही कल्पना त्यामागे होती.

आजच्या शाळेत ही गोष्ट अडते ती ज्येष्ठ शिक्षकाच्या वेळेपाशी. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षणहक्क कायद्यानेच शिक्षकाकडे सोपविता येतात. त्यांत माहिती भरण्याच्या नित्य कामांची भर पडते. उमेदवाराचा पाठ संपल्यावर पाऊण तास त्याच्याशी बसून बोलावयाचे, तर तो पाऊण तास वेळापत्रकात लिहिलेला हवा आणि त्या कामाचा मोबदलाही हवा. वेळापत्रकाची आखणी मुख्याध्यापक करू शकतात. मोबदल्याची तरतूद महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात व्हावी लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळा विकास आराखडा तयार करताना आपल्या शाळेतील कोणता शिक्षक उमेदवार घडवू शकेल आणि त्याच्याकडील कोणते काम कमी करता येईल, हे दोन प्रश्न या समितीने जूनपूर्वीच्या बैठकीत विचारावयास हरकत नाही.